हळद लागलेली बुरशी

१

"गेल्या! सत्यवान, सगळ्या ट्यूबा गेल्या!"

डॉक्टर पिएदादबाईंची किंकाळी ढोलाच्या दणदणाटातसुद्धा ऐकू आली. आमचा आंबेखोल गाव तेव्हा वाजतगाजत परत घरी शिरत होता. पुढं देवाचे मानकरी, मागं गुरं, बायकांच्या डोक्यावर टोपल्या आणि टोपल्यांत कोंबड्या. मी माझ्या मोठ्या भावाबरोबर, सत्यवानाबरोबर, वखारीच्या दारात उभी होते. त्यानं नुकतंच कुलूप काढलं होतं. "थांबा, आधी मी जाते. काही सांडलं असलं तर तुमचे पाय पडायला नकोत," असं म्हणून बाई एकट्याच काळोखात शिरल्या होत्या.

आम्ही धावलो. सत्यवानानं खिडक्या उघडल्या. फ्रीजचं दार सताड उघडं. आतला स्टीलचा डबा रिकामा. खाली फरशीवर एक काचेची ट्यूब फुटून पडलेली. काचा, कापसाचं बूच, साखर घातलेल्या जेलीचा गोळा आणि त्यावर बुरशीचा झुबका. एका अंगानं कापसासारखा पांढरा, दुसऱ्या अंगानं हळदीसारखा पिवळा.

मी उकिडवी बसून बघायला लागले. लखलखीत फरशी, ओली जेली, काचा. त्याच्या आजूबाजूला काही नाही.

"हात लावू नकोस, तुळसा!" बाई माझ्यावर ओरडल्या. मग सत्यवानाकडं वळल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "चावी कुणाकडे होती?"

सत्यवानानं मूठ उघडली. एकच चावी होती आणि ती त्याच्या तळहातावर होती.

कुलूप तर धडधाकट होतं.

२

संध्याकाळपर्यंत पोलीस सत्यवानाला जीपमध्ये घालून मालवणला घेऊन गेले. आये रस्त्यात बसून राहिली. मी जीपच्या मागं दगड मारला. लागला नाही.

नेमकं काय चोरीला गेलं ते सांगते. पिएदादबाई विलायतेत शिकून आल्या होत्या. आमच्या खाडीच्या चिखलातली एक बुरशी त्यांनी धरली, दुसऱ्या जातीच्या बुरशीतला एक गुण काढून हिच्यात घातला. जीन म्हणतात त्याला. त्यामुळं ही बुरशी साखर खायची आणि अंगात तेल साठवायची. साधं तेल नव्हे, औषधाचं. जयराम घाणेवाल्याची खोबऱ्याची वखार त्यांनी भाड्यानं घेतली आणि माझ्या भावाला हाताशी घेतलं. बुरशीचं खाणं शिजवायचं, ट्यूबा भरायच्या, एकीतली बुरशी दुसरीत लावायची, सगळं तो करायचा. लेकरासारखं करायचा. तेल मोजायला जामसंड्याचा मधू होता, एम्. एस्सी. झालेला. त्याच आठवड्यात मुंबईची कंपनी बुरशी बघायला यायची होती.

आणि त्याच आठवड्यात गावपळण आली.

देवाचा कौल झाला की आमचा आख्खा गाव वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो. तीन दिवस, तीन रात्री. चुलीवर पाणी ओतायचं, विजेचा मेन स्विच पाडायचा, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळं घेऊन निघायचं. मागं गावात देवाचं राज्य. पाय टाकायचा नाही, वात पेटवायची नाही. मग पुन्हा कौल घेऊन परत. हे सत्याऐंशी साली होतं आणि आजही आहे.

म्हणून चोरी ही पोलिसांची गोष्ट होती, पण गावाची गोष्ट त्याहून मोठी होती. कुलूप चावीनं उघडलं, म्हणजे सत्यवान गावपळणीत गावात शिरला. देवाची पळण मोडली.

त्या रात्री जयराम आमच्या अंगणात आला. मानकरी तो. पायरीवर चढलासुद्धा नाही.

"रुक्मिणीवैनी," तो आयेला म्हणाला, "पुनवेक देवळात गाव बसतलो. तुझ्या झीलान काय ता खरा सांगल्यान नाय, तर विहीर बंद, पायरी बंद, प्रेताक खांदो बंद. माका बोल लावू नको."

आयेच्या आधी मी बोलले. "जयरामकाका, ज्येना ह्या केल्यान त्येका मी सोडूचंय नाय. तुमचो देव सोडूंदे नायतर धरूंदे."

"चेडवाचा तोंड बघ," जयराम म्हणाला आणि अंगणातच थुंकला.

तेव्हाच मी मनात म्हटलं, पहिला हाच.

३

जयरामाचा घाणा बैलावर चालायचा. बुरशीतून तेल काढणार म्हटल्यावर तो तिथं बसून सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "बुरशीचा तेल! मगे माझो बैल काय करतलो? एम्. एस्सी.?" त्याला वखारसुद्धा परत हवी होती. सकाळी मी थेट घाण्यावर गेले.

"काका, पळणीत तुम्ही खंय होतात?"

"तुझ्या बाजूच्या खोपीत. घोरत होतंय. तुझ्याच आयेन दगड मारल्यान माझ्या पत्र्यार."

ते खरं होतं. आयेनं मारला होता.

"आणि वखारीची दुसरी चावी?"

"माझा कुलूप काढून बाईन आपला लावल्यान. विलायती. एकच चावी, ती तुझ्या भावाक दिल्यान. भाडां देता, मान देता, चावी नाय." तो पेंड उचलायला वाकला आणि पुन्हा शिव्या द्यायला लागला. मला नाही, मुंग्यांना. पळणीच्या आधी घाण्यापाशी सांडलेल्या पेंडीला मुंग्यांनी काळं करून टाकलं होतं. आमच्या घरीही तेच. आये गूळ झाकायला विसरली होती तर तो उचलायला गेल्यावर हातभर मुंग्या चढल्या तिला.

मी तिथंच थांबले.

"काका, तीन दीस साखर उघडी पडली तर?"

"तर काय, मुंगये खातले. सांगूक होया?"

वखारीतली जेली साखरेची. फरशीवर पडलेली. आणि मी अगदी नाक लावून बघितलं होतं, तिच्यावर, तिच्या बाजूला, काचांत, एक मुंगी नव्हती.

ती ट्यूब पळणीत फुटलीच नव्हती. आम्ही दारात उभे होतो तेव्हा फुटली होती.

४

मालवणच्या लॉकअपात सत्यवान भिंतीला टेकून बसला होता. पाय पुढं पसरलेले. तळवे मला दिसू नयेत म्हणून त्यानं त्यावर शर्ट टाकला होता. मला ते दिसलं तरी.

"कोणी मारल्यान?"

"तू ओरडा नको गो. हवालदार भायेर आसा."

"नाव सांग."

"तुळशे, नाव घेवन काय करतलंस? त्येकाय मारतलंस?" तो हसला. ओठ फाटलेला होता. "ट्यूब बघलंस मा तू? फुटलेली? मी काय धड बघूक नाय. कशी होती?"

पोलिसांनी मारलेल्या माणसाला पहिला प्रश्न हा पडतो का? माझं डोकंच फिरलं. पण सांगितलं. "अर्धी पांढरी, अर्धी पिवळी. सरळ रेघ मारल्यासारी."

तो ताठ बसला.

"पिवळी? होवचा नाय."

"माझ्या डोळ्यांनी बघलंय."

"गो, ती बुरशी काळोखात पांढरी रवता. उजेड बघल्यान काय मगे दिसभरान तिका हळद लागता. वखारीच्या खिडक्यांक मी काळो कागद लावलेलो. मेन स्विच पडलेलो. तीन दीस गावात वात पेटूक नाय. तिका उजेड मिळालो खंयसून?"

"आणि अर्धीच?"

"दिवो एका अंगाक असलो तर. जवळ. आणि कायम." तो बोटं मोडायला लागला, तो विचार करताना करतो तसं. "पळणीत ती गावात नव्हती, तुळशे. खंयतरी दिव्यापुढे होती."

"तू कुलूप लावलंस तेव्हा ट्यूबा फ्रिजात होते?"

"डबो होतो. झाकण लावलेलो. मी उघडूक नाय."

"डब्यात कोणी भरल्यान?"

त्यानं पुन्हा बोटं मोडली. मला वाटतं त्याला उत्तर माहीत होतं आणि तोंडातून काढायचं नव्हतं.

"बाईन," तो म्हणाला. "पण बाई तसा करूची नाय. मधूय होतो त्या दिवशी."

मधू. चावी सत्यवानाकडं होती हे फौजदाराला पहिल्यांदा सांगणारा मधूच होता. मी एस. टी. स्टँडवर पळत सुटले.

५

जामसंड्याला मधू आपल्या घराच्या पडवीत चष्मा लावून पेपर वाचत होता. शर्टाला इस्त्री. माझा भाऊ फरशीवर आणि ह्याच्या शर्टाला इस्त्री.

मी काही विचारलं नाही. पेपर फाडला, कॉलर धरली, चष्मा ओढून पायाखाली घातला. कडकड वाजला तेव्हा जरा बरं वाटलं.

"ट्यूबा खंय लपवलंस? सांग, नायतर आता दात!"

"अगं ए! आई! अहो कुणीतरी धरा हिला!" त्याची आई विमलाकाकू झाडू घेऊन धावत आली आणि मला दोन ठेवून दिल्या. मी त्याची कॉलर सोडली नाही.

"मी तिथं होतो का?" मधू रडकुंडीला आला होता. "तुम्ही वखार उघडलीत तेव्हा मी तिथं होतो? मी पळणीआधीच घरी आलो. दुपारच्या गाडीनं परत आंबेखोलात उतरलो, तोवर पोलीस आले होते. तूच मला रस्त्यात शिव्या दिल्यास!"

दिल्या होत्या. त्याच्या हातात पिशवी होती आणि पायावर एस. टी.ची लाल धूळ होती. माझे डोळे चांगले आहेत, पण राग आला की ते बघितलेलं लपवून ठेवतात.

मी कॉलर सोडली.

"मग चावीचा कित्याक सांगलंस?"

"फौजदारांनी विचारलं, चावी कुणाकडं असते. मी खोटं सांगू?" तो चष्म्याच्या काचा गोळा करायला लागला. "सत्यवान असं करणार नाही हेही सांगितलं. ते त्यांनी ऐकलं नाही."

विमलाकाकू झाडू हातात तशीच धरून म्हणाली, "सांग तिला ते पण. रात्रभर जागा आहेस त्यानं."

"आई, गप."

"काय सांगायचंय?" मी विचारलं.

त्यानं काचेचे तुकडे तळहातावर फिरवले. "तेल उतरलं होतं," तो म्हणाला. "पावसाळ्यापासून. बुरशी तीच, पण घातलेला गुण तिनं टाकून दिला. असं होतं. परका गुण असतो, ती ठेवायला लावली नाही तर ठेवत नाही. मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पुन्हा मोज. पुन्हा मोजलं. त्या म्हणाल्या, तुझा हात वाईट आहे. आणि कंपनीला तर त्यांनी जुनंच तेल कळवलं होतं."

"कंपनीवाले बुरशी बघतले तेव्हा?"

"एका दिवसात कळलं असतं."

बुरशी असती तर. चोरीला गेली तर कुणाला काय कळणार?

६

पिएदादबाईंचं घर मालवणात, चर्चच्या मागं. दुसऱ्या दिवशी मी दार वाजवलं तेव्हा बाई घरात नव्हत्या. त्यांची आई आल्बिना होती. गुडघे सुजलेले, पण कानात कुड्या आणि अंगात फुलाफुलांचा फ्रॉक, एकदम नीटनेटकी.

"पिएदाद पोस्टात गेली हा, मुंबयक ट्रंककॉल लावूक. बस गो बाय. तू सत्यवानाची भयण मा? बिचारो. माझ्यासाठी खाडयेतले तिसऱ्ये हाडून दी. खाशीत दोस?"

मला खायचं नव्हतं. पण तिनं दोस हातात ठेवला. चण्याच्या डाळीची वडी, गोड. मी खात खात घर बघत होते. भिंतीवर त्यांचं ओरातोर होतं. आमचं देवघर असतं तसं, लाकडाचं, दारं असलेलं कपाट, आत सायबिणीची, म्हणजे मेरीमातेची मूर्ती, कागदाची फुलं. मूर्तीपुढं एक बल्ब पेटलेला होता. भरदुपारी.

"आजी, दिवो चालू रवलो."

"रवलो म्हणजे? तो रवतलोच." तिनं क्रॉस काढला. "माझ्या सासवेच्या वक्तार तेलाचो होतो, आता बल्ब. कोणी कधी विझवूक नाय. पण ह्या पिएदादाक काय झाला तां देवाक म्हायत. इतकी शिकान इली आणि दिव्याचो राग! म्हणता, मम्मी, तो बंद कर, माका नीज येणा नाय. गो, पलीकडच्या खोलीत निजता ती! तिणा बंद केल्यान, मी लावलंय. ती बंद करी, मी लावी. तीन दीस ह्याच. शेवटाक ती दमली, मी नाय."

मी उरलेला दोस खाली ठेवला.

"केव्हा गो, आजी? खंयचे तीन दीस?"

"तुमची ती पळण होती मा, तेव्हा. काम नव्हता तिका. घरात नुसती फेऱ्ये मारी होती."

मी उठले. स्टूल ओढलं. आल्बिना म्हणाली, "गो, थंय हात लावू नको, पाय धू आधी." मी सायबिणीच्या मूर्तीमागं हात घातला. बोटांना गार काच लागली. एक, दुसरी, तिसरी. कापसाची बुचं. सगळ्या एका ओळीत उभ्या. बाहेर काढल्या तर प्रत्येक ट्यूब दिव्याकडच्या अंगानं पिवळी, भिंतीकडच्या अंगानं पांढरी.

"ठेव त्या," मागून आवाज आला.

दारात पिएदादबाई उभ्या होत्या.

७

"ठेव, तुळसा. पडतील."

"पडल्ये तर पडल्ये. एक तुम्हीच पाडलास."

त्या घरात आल्या आणि दार लावून घेतलं. घाबरल्या नव्हत्या. मला वाटलं होतं घाबरतील.

"काय समजलीस तू?"

"सगळा." मी ट्यूबा छातीशी धरल्या. "डबो तुमीच भरलास, रिकामोच. सत्यवानान नुसतो डबो बघल्यान आणि कुलूप लावल्यान. गावपळणीत वखारीत कोण शिरूकच नाय. पण नुसतो रिकामो डबो बघून लोकांनी विचारल्यानी असता, ट्यूबा होते कशावरून? म्हणून एक पदराखाली लपवून हाडलास, आमका दारात उभे केलास, ढोल वाजत होते तेवढ्यात ती पायाखाली चिरडलास. काळोखात तुमका दिसूक नाय, ती पिवळी झाली हा म्हणून. आणि मुंगये बोलवूक तुमी विसारलास."

"मुंग्या," बाई म्हणाल्या. हसल्यासारखं केलं. "बरोबर. मुंग्या."

"माझ्या भावाचे पाय बघलास?"

"दोन-चार दिवसांत सोडतील त्याला. पुरावाच नाही काही. मी वकील देणार होते." त्या खुर्चीवर बसल्या. "तुला कळणार नाही. अठरा वर्षं मी यात घातली. लोक हसले, कोकणात कसली लॅब करतेस म्हणून. एकदा ते तेल आलं होतं, तुळसा. खरंच आलं होतं, दुप्पट. ते परत आणायला मला फक्त वेळ पाहिजे होता. फसली म्हटलं असतं तर सगळं बंद. चोरीला गेली म्हटलं तर लोक थांबतात."

"आणि गाव? पळण मोडल्यान म्हणून आमची विहीर बंद होतली, ता म्हायत होता?"

त्यांनी पदर नीट केला. म्हणजे माहीत होतं.

तेवढा वेळ आल्बिना मूर्तीकडं बघत उभी होती. "पिएदाद," ती म्हणाली, "ह्या माझ्या सायबिणीच्या फाटल्यान होता? मी तीन दीस गुडघ्यार बसून तेर्स म्हटलंय, त्या पोराक सोडव म्हणून परवापासून मागतंय, आणि तू ह्या तिच्या फाटल्यान ठेवलंस?"

"मम्मी, तुका कळचा नाय..."

"माका नको कळूक. चप्पल घाल."

"खंय?"

"पोलिसांत. मी येतंय. गुडघे मोडले तरी येतंय." तिनं मला हात पुढं केला. "धर माका, बाय."

८

फौजदारानं सगळं दोनदा ऐकून घेतलं. मग ट्यूबांकडं, बाईंकडं आणि आल्बिनाच्या गुडघ्यांकडं बघितलं. "बाई, तुम्ही शिकलेल्या," एवढंच म्हणाला. बाईंनी तक्रार मागं घेतली, खोट्या तक्रारीचा जबाब दिला, सही केली. जयराम आणि दुसरे मानकरी गावाची तक्रार द्यायला आले होते, तेही तिथंच होते. मी त्यांना आत ओढलं. "आता आयका. मोठ्यान सांगा, बाई. पळण कोणी मोडल्यान?"

"कुणीच नाही," बाई जमिनीकडं बघत म्हणाल्या. "ट्यूबा आधीच बाहेर होत्या. सत्यवान गावात शिरला नाही."

जयरामानं पागोटं काढून पुन्हा घातलं. "म्हणजे देवाची पळण शाबूत," तो म्हणाला. भावाबद्दल काही नाही. पण आमची विहीर राहिली.

"आणि ही घाण उचला इथनं," फौजदार म्हणाला. ट्यूबा माझ्याच हातात दिल्या.

बाहेर पोलीस स्टेशनच्या समोर चहाचं हॉटेल होतं. पातेल्यात आधण खळखळत होतं. बाई माझ्या मागं मागं आल्या.

"दे, तुळसा. ऊन आहे. मरतील त्या." पहिल्यांदाच त्यांचा आवाज थरथरला. पोलिसांपुढं थरथरला नव्हता, आईपुढं नव्हता. "काय पाहिजे ते माग. सत्यवानाला मी पुण्याला शिकायला पाठवते. फक्त त्या दे."

तेव्हा मला कळलं ह्या बाईला लागतं कुठं.

मी पहिली ट्यूब आधणात सोडली.

"ए गो! लोक चाय पिवचे आसत त्यात!" हॉटेलवाला ओरडला.

दुसरी सोडली. तिसरी. बाई पुढं आल्या, मी कोपर मारलं. त्या खाली बसल्या, रस्त्यावर, पांढऱ्या साडीनिशी. मी एकेक करून सगळ्या सोडल्या, सावकाश, प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडाकडं बघत. पाण्याचा रंग पिवळट झाला. बुचं वर येऊन तरंगायला लागली. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. शाळा सोडली त्या दिवशीसुद्धा नाही.

सत्यवान पायऱ्या उतरून आला. पायाच्या कडांवर चालत होता. मी धावत गेले, मिठी मारली, सगळं एका दमात सांगितलं. मुंग्या, मधूचा चष्मा, ओरातोर, जयराम, विहीर. तो हसत होता, माझ्या डोक्यावर टपल्या मारत होता.

"आणि ट्यूबा?" त्यानं विचारलं.

मी पातेलं दाखवलं.

तो चालत गेला. वाकून आत बघितलं. मग पाण्यातून चमच्यानं एक बूच बाहेर काढलं. त्याला हिरवा दोरा बांधलेला होता.

"ही येगळी होती," तो म्हणाला.

"कशी येगळी?"

"पावसापासून हिका मी येगळा खाणा देय होतंय. गुण टाकलो तर मरतली, असा खाणा. मधूच्या पुस्तकात वाचलंय. हिना गुण सोडूक नाय." बूच त्याच्या बोटांत होतं, वाफ निघत होती. "हिच्यात तेल होता, तुळशे. पळणीच्या आधी मी काढून बघलंय. कंपनीवाले येवच्या आदल्या दिवशी बाईंक सांगाचा होता. म्हटलंय, खूश होतली."

बाई रस्त्यावरच बसून ऐकत होत्या. त्यांनी तोंडावर दोन्ही हात ठेवले.

सत्यवान बूच घेऊन निघाला. स्टँडकडं. मी मागून. लंगडत होता तरी मला त्याला गाठता येईना. चर्चच्या मागच्या गल्लीतून जाताना बाईंचं घर लागलं. खिडकीच्या काचा उन्हात चमकत होत्या. मी दगड उचलला.

माझ्या हातातला दगड नेहमी सत्यवान काढून घ्यायचा. दुरूनसुद्धा ओळखायचा आणि वळायचा. आज तो पुढंच चालत राहिला. मी नेम धरला, हात मागं नेला आणि तशीच उभी राहिले. कुणावर मारायचा तेच कळेना.